तापातली साखर

२३ मार्च २०२० रोजी इस्लामपुरातल्या एकाच कुटुंबातले चौघे करोनाबाधित निघाले. सौदी अरेबियाची यात्रा करून ही माणसं परतली होती. पुढच्या काही दिवसांत त्यांच्या नात्यागोत्यातल्या बाधितांचा आकडा पंचविसाच्या घरात गेला आणि सांगली जिल्ह्याचं नाव देशभर पोचलं. मिरजेचं शासकीय रुग्णालय घाईघाईनं करोनासाठी मोकळं करण्यात आलं. विषाणू कोणी आणला आणि कोणाकोणाला दिला, एवढंच त्या आठवड्यांत सगळ्यांच्या तोंडी होतं. इस्लामपूरचे ते रुग्ण बहुतेक सगळे बरे होऊन घरी गेले. वर्षभरानं, दुसऱ्या लाटेत, प्रश्न बदलला. एका घरात पाच जण बाधित, चौघे आठवड्यात उठून बसले, पाचवा गेला. तो का गेला? वयाच्या खालोखाल जे कारण पुन्हा पुन्हा पुढे आलं ते केसपेपरवर लिहिलेलं असायचं आणि घरच्यांना ठाऊकही असायचं: शुगर. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांनी करोनात मिळून दहा हजारांवर माणसं गमावली. त्यांतल्या किती जणांची साखर आजारपणात वेळेवर मोजली गेली, हे आपल्याला कधीच कळणार नाही. या लेखाचं मूळ त्या न मोजलेल्या साखरेत आहे.

इथे तीन प्रश्न एकमेकांत गुंतलेले असतात, ते आधी सुटे करायला हवेत. मधुमेह असेल तर विषाणू लवकर लागतो का? लागल्यावर आजार जास्त बळावतो का? आणि साखर ताब्यात ठेवली तर हे बळावणं टळतं का? पहिल्याचा पुरावा कमकुवत आहे. लागण प्रामुख्यानं कोणाच्या किती जवळ गेलात यावर ठरते. दुसऱ्याचा पुरावा भक्कम आहे. खरा वाद तिसऱ्यावर आहे, आणि रुग्णाच्या उपयोगाचा प्रश्नही तोच, कारण मधुमेह पुसता येत नाही, साखर मात्र खाली आणता येते.

दुसऱ्या प्रश्नाचं सर्वांत मोठं उत्तर इंग्लंडनं दिलं. तिथे जवळपास सगळी लोकसंख्या सरकारी आरोग्यसेवेच्या नोंदीत आहे. मे २०२०पर्यंत रुग्णालयांत झालेल्या करोनामृत्यूंपैकी दर तिसरा मृत्यू मधुमेही व्यक्तीचा होता. वय, लिंग, गरिबी, वंश यांचा हिशेब करूनही टाइप २ मधुमेह असलेल्यांत मृत्यूची शक्यता दुपटीच्या आसपास आणि टाइप १ असलेल्यांत साडेतीन पटींच्या आसपास निघाली. पण त्याच नोंदींवर झालेला दुसरा अभ्यास मला अधिक महत्त्वाचा वाटतो. त्यात सगळ्या मधुमेहींना एका पारड्यात न टाकता त्यांची तीन महिन्यांची सरासरी, म्हणजे एचबीए१सी, पाहून गट केले. साडेसहा ते सात टक्के सरासरी असलेल्यांच्या तुलनेत दहा टक्के किंवा वर असलेल्या टाइप २च्या रुग्णांत मृत्यूचा धोका सुमारे ६१ टक्क्यांनी जास्त होता. मधल्या गटांत तो पायरीपायरीनं चढत गेलेला दिसतो. साडेसहाच्या खाली उतरलेल्यांतही तो किंचित वाढलेलाच होता. म्हणजे जितकी कमी तितकी चांगली, असा सरळ हिशेब इथे नाही.

चीनच्या हुबेई प्रांतातल्या रुग्णालयांनी वेगळ्या बाजूनं पाहिलं. आधीच्या तीन महिन्यांचं जाऊ द्या, भरती असताना साखर कशी राहिली? ज्यांची साखर मुक्कामभर ७० ते १८० मिलिग्रॅमच्या दरम्यान राहिली त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण १.१ टक्के, आणि ज्यांची वर गेली त्यांच्यात ११ टक्के. दसपट फरक. वय आणि इतर आजार जुळवून पाहिल्यावरही मोठा फरक उरला. हा आकडा तेव्हा जगभर फिरला, आणि अनेकांनी त्याचा अर्थ ‘साखर उतरवली की माणूस वाचतो’ असा लावला. इथे जरा थांबायला हवं. जो जास्त आजारी असतो त्याच्या शरीरात ताणाची संप्रेरकं जास्त उसळतात, त्याला स्टेरॉइड जास्त मिळतात, म्हणून त्याची साखर जास्त चढते. अशा वेळी चढलेली साखर मृत्यूचं कारण असेल, किंवा आजार किती खोल गेला आहे त्याची खूण असेल, किंवा दोन्ही. केवळ नोंदी पाहून हे वेगळं करता येत नाही. एका गटाची साखर मुद्दाम कडक ताब्यात ठेवायची, दुसऱ्याची नेहमीसारखी, आणि मग मृत्यू मोजायचे, असा करोनातला मोठा प्रयोग हे कोडं सोडवायला हवा. त्याच्या जागी आपल्याकडे आहेत ती निरीक्षणंच.

फ्रान्समधल्या रुग्णालयांनी केलेल्या ‘कोरोनाडो’ या अभ्यासानं गुंता आणखी वाढवला. भरती झालेल्या तेराशेहून अधिक मधुमेहींत एचबीए१सीचा आणि पहिल्या सात दिवसांत व्हेंटिलेटर लागण्याचा वा मृत्यूचा संबंध सापडला नाही, वजनाचा सापडला. भरतीच्या दिवशीची साखर मात्र तिथेही गंभीर आजाराच्या जोडीनं आढळली. वुहानमध्ये तर मधुमेहाचं निदानच नसलेल्या ६०५ रुग्णांत, उपाशीपोटीची साखर १२६ किंवा वर असणाऱ्यांच्या मृत्यूचा धोका दुपटीहून जास्त निघाला. यापूर्वी, २००३च्या सार्सच्या साथीतही उपाशीपोटीच्या साखरेचा आणि मृत्यूचा असाच संबंध दिसला होता.

हे सगळं एकत्र ठेवलं तर माझं मत असं बनतं. वर्षानुवर्षांच्या नियंत्रणाचा फायदा खरा आहे, पण तो मुख्यतः मूत्रपिंडं, हृदय, रक्तवाहिन्या शाबूत ठेवण्यातून मिळतो, आणि विषाणू आल्यावर तो मागे जाऊन कमावता येत नाही. त्या दहा-पंधरा दिवसांतली साखर मात्र आपल्या हातात असते. ती कारण असो वा खूण, दोन्ही बाबतींत मोजावीच लागते: कारण असेल तर उपचारासाठी, खूण असेल तर इशारा म्हणून. आणि नेमकी तीच आपल्या दोन जिल्ह्यांत मोजली जात नाही. ताप एका डॉक्टरकडे जातो, शुगर दुसऱ्याकडे. गावातला डॉक्टर तापाचं इंजेक्शन देतो. शुगरची तारीख पुढच्या महिन्यात सांगलीला असते.

शरीरात काय घडतं, ते थोडक्यात. संसर्ग झाला की कॉर्टिसोल, ॲड्रिनलिन आणि ग्लुकॅगॉन वाढतात. यकृत साठवलेली साखर रक्तात सोडतं. सूज आणणारी रसायनं इन्सुलिनचा परिणाम बोथट करतात. निरोगी माणसाचं स्वादुपिंड जास्त इन्सुलिन काढून हे सांभाळून घेतं, मधुमेहीचं नाही सांभाळू शकत. म्हणून रुग्णानं दोन दिवस काही खाल्लं नाही तरी साखर ३००च्या वर जाऊ शकते, आणि ‘पोटात अन्नच नाही तर शुगर कशी वाढेल’ हा घरोघरी ऐकू येणारा तर्क इथे घात करतो. साखर चढली की उलट दिशेचं चक्र सुरू होतं. जंतू गिळणाऱ्या पांढऱ्या पेशी मंदावतात, जखमेकडे उशिरा पोचतात. काही संरक्षक पेशी ग्लुकोजवर पोसून गरजेपेक्षा जास्त सूज पेटवतात. करोना विषाणूनं बाधित पेशींत प्रयोगशाळेत हे स्पष्ट दिसलं आहे. रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर खरवडलं जातं आणि गुठळ्या होण्याकडे कल वाढतो. त्यात लघवीवाटे पाणी जातं, शरीर कोरडं पडतं, मूत्रपिंडांवर ताण येतो.

यानंतर स्टेरॉइडकडे यावं लागतं, आणि इथे सविस्तर बोलायला हवं, कारण आपल्याकडच्या शोकांतिकेचा मोठा भाग इथे घडला. जून २०२०मध्ये ब्रिटनच्या ‘रिकव्हरी’ चाचणीनं दाखवलं की रोज सहा मिलिग्रॅम डेक्सामेथासोन, जास्तीत जास्त दहा दिवस दिल्यास व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू एकतृतीयांशानं आणि ऑक्सिजनवरच्या रुग्णांचे एकपंचमांशानं घटतात. स्वस्त, जुनं, प्रत्येक तालुक्यात मिळणारं औषध. ती मोठीच गोष्ट होती आणि त्या औषधानं असंख्य जीव वाचवले. पण त्याच चाचणीत हेही स्पष्ट होतं की ज्यांना ऑक्सिजनची गरज नाही त्यांना याचा फायदा नाही. २०२१च्या एप्रिल-मेमध्ये खाटा संपल्या, माणसं घरीच राहिली, व्हॉट्सॲपवरून औषधांच्या चिठ्ठ्या फिरल्या, आणि अनेकांनी तापाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून स्टेरॉइड घेतलं, काहींनी दुप्पट-तिप्पट मात्रेत, काहींनी तीन-तीन आठवडे. मधुमेहीच्या बाबतीत याचा अर्थ चारशे-पाचशेची साखर, आणि घरात ग्लुकोमीटर नाही.

ग्लुकोमीटर असला तरी एक खाच होती. सकाळी घेतलेल्या प्रेडनिसोलोन किंवा मिथाइलप्रेडनिसोलोनच्या गोळीनं साखर प्रामुख्यानं दुपारपासून रात्रीपर्यंत चढते आणि पहाटेपर्यंत उतरते. त्यामुळे सकाळी उपाशीपोटी तपासणाऱ्याला १३० दिसतात आणि तो निर्धास्त होतो. दुपारी चार वाजता तीच साखर ३५० असते. स्टेरॉइड चालू असेल तर दुपारच्या जेवणानंतर आणि रात्रीच्या जेवणाआधी तपासायला हवं. ही एक ओळ तेव्हा प्रत्येक घरी पोचली असती तर बरंच वाचलं असतं.

मग आला म्युकरमायकोसिस. मे २०२१मध्ये राज्यांनी तो साथरोग कायद्याखाली नोंदवायला सुरुवात केली, आणि जुलैपर्यंत देशात पंचेचाळीस हजारांवर रुग्ण नोंदले गेले, सर्वाधिक महाराष्ट्रात. या बुरशीचे बीजाणू मातीत, शेणखतात, उकिरड्यावर, कुजक्या फळांत सगळीकडे असतात आणि आपण रोज ते श्वासात घेतो. एरवी शरीर त्यांना जागच्या जागी संपवतं. पण रक्तात साखर भरपूर आणि कीटोनमुळे आम्लता वाढलेली असली की प्रथिनांना घट्ट धरून ठेवलेलं लोह सुटं होतं, आणि या बुरशीला लोह हवंच असतं. शिवाय स्टेरॉइडनं पांढऱ्या पेशी लुळ्या केलेल्या. नाकातून सायनस, तिथून टाळू, डोळा, मेंदू. भारतभरातल्या २,८२६ रुग्णांची माहिती गोळा करणाऱ्या नेत्रतज्ज्ञांच्या अभ्यासात ७८ टक्क्यांना मधुमेह होता आणि ८७ टक्क्यांना स्टेरॉइड मिळालं होतं. ॲम्फोटेरिसिन-बीच्या कुप्यांसाठी नातेवाईक जिल्ह्याजिल्ह्यांत फिरत होते. राज्यानं हा आजार महात्मा फुले जनआरोग्य योजनेत घेतला तेव्हा अनेकांचे दागिने आधीच गहाण पडलेले होते. ज्यांचा जबडा किंवा डोळा गेला अशी माणसं आजही या दोन जिल्ह्यांत आहेत, आणि त्यांच्यातल्या अनेकांचा मूळ करोना तर सौम्यच होता. विषाणूपेक्षा तापातली न मोजलेली साखर किती जबर असू शकते, याचा इतका उघड पुरावा दुसरा नाही.

हा प्रश्न केवळ करोनाचा आहे असं मानणं चूक ठरेल. २००९च्या ऑगस्टमध्ये स्वाइन फ्लूचा देशातला पहिला मृत्यू पुण्यात झाला आणि पुण्याशी रोजचं येणंजाणं असलेल्या सातारा-सांगलीत भीती पसरली. त्याच साथीत कॅनडाच्या क्विबेक प्रांतात मोजलं गेलं: मधुमेहींना रुग्णालयात भरती व्हावं लागण्याचा धोका तिप्पट, आणि भरती झाल्यावर अतिदक्षता विभागात जाण्याचा चौपट. डेंग्यूबाबत क्युबातल्या १९८१च्या साथीपासून मधुमेह हा गंभीर डेंग्यूच्या जोखमीत गणला जातो, आणि तैवान, सिंगापूरच्या नंतरच्या अभ्यासांचाही कौल तोच आहे. डेंग्यूत रक्तवाहिन्यांच्या भिंतीतून पाणी झिरपतं. मधुमेहानं आधीच विरलेल्या भिंती तिथे लवकर हार मानतात, असं त्याचं स्पष्टीकरण दिलं जातं. शिवाय आपल्याकडे बरेच मधुमेही हृदयासाठी ॲस्पिरिनची गोळी घेत असतात. प्लेटलेट उतरत असताना ती चालू ठेवायची की थांबवायची हे डॉक्टरांनीच ठरवायचं असतं, पण त्यासाठी आधी त्यांना ती चालू असल्याचं कळायला हवं. चिकुनगुनियात मृत्यू कमी, पण मधुमेहींचा आजार रेंगाळतो. दुष्काळी माण-खटाव, जत, आटपाडीत पाणी साठवून ठेवावं लागतं आणि साठवलेल्या पाण्यात एडिस डास वाढतो. तेव्हा हे आजार तिथे ठाण मांडून राहणारच.

आता आपला मधुमेही कोण, ते पाहू. फ्रान्सचे आकडे स्थूल माणसांचे आहेत. आपल्याकडे ऊस आणि द्राक्षबागेत राबणारा, अंगानं सडपातळ, पण पोट सुटलेला पन्नाशीचा शेतकरी मधुमेही निघतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी २००४मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच तुलना छापली: दोघांचा बॉडी मास इंडेक्स अगदी सारखा, २२.३, पण शरीरातली चरबी युडकिन यांच्यात ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के. पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३पासून चाललेल्या त्यांच्या अभ्यासात तर जन्माला येणारी बाळंसुद्धा वजनानं कमी आणि चरबीनं जास्त आढळली. म्हणून ‘हा काय, काडीसारखा आहे, याला कशाची शुगर’ असं म्हणत तपासणी टाळणं आपल्या भागात विशेष महागात पडतं. आयसीएमआरच्या देशव्यापी पाहणीनुसार, २०२३मध्ये प्रसिद्ध झालेल्या आकड्यांत, भारतात १०.१ कोटी मधुमेही आणि १३.६ कोटी मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहेत. याच पाहणीत, निदान झालेल्यांपैकी एचबीए१सी सातच्या खाली असलेले फक्त ३६ टक्के. साखर, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल तिन्ही ताब्यात असलेले आठ टक्केही नाहीत. म्हणजे पुढचा विषाणू येईल तेव्हा त्याला बहुसंख्य मधुमेही असे भेटतील ज्यांची साखर आधीच हाताबाहेर आहे.

एचबीए१सीवर अतिविश्वासही नको. ग्रामीण भागातल्या बायकांत रक्तक्षय सर्रास असतो, आणि लोहाच्या कमतरतेत हा आकडा खऱ्यापेक्षा जास्त दिसू शकतो. रक्तस्राव झाला असेल किंवा रक्त चढवलं असेल तर कमी. आजारपणात मार्ग बोटाला सुई टोचून घेतलेल्या थेंबाचाच.

साखर किती खाली आणायची, यावर एक महत्त्वाचा धडा करोनाच्या आधीच मिळाला होता. २००९च्या ‘नाइस-शुगर’ चाचणीत अतिदक्षता विभागातल्या सहा हजारांवर रुग्णांपैकी काहींची साखर ८१ ते १०८ इतकी कडक ठेवली, बाकीच्यांची १८०च्या आत. कडक गटात मृत्यू जास्त झाले, २७.५ विरुद्ध २४.९ टक्के, आणि साखर धोकादायक उतरण्याचे प्रसंग कित्येक पट. तेव्हापासून भरती रुग्णासाठी १४० ते १८० हे सर्वसाधारण लक्ष्य मानलं जातं. घरी, एकटं राहणाऱ्या, सल्फोनिलयुरियाची गोळी घेणाऱ्या आणि तापात जेवण सुटलेल्या वृद्धासाठी ४०ची साखर ३००पेक्षा लवकर जीव घेते. मुलं पुण्या-मुंबईला आणि आईवडील गावी, अशी असंख्य घरं सातारा जिल्ह्यात आहेत. शेजाऱ्याला हे माहीत असणं तिथे औषधाइतकंच गरजेचं.

मधुमेहाची गोळी कोणती, याची चर्चा करोनाकाळात फार झाली. डॅपाग्लिफ्लोझिननं करोनाचा धोका घटतो का हे पाहणारी ‘डेअर-१९’ चाचणी झाली. फायदा सिद्ध झाला नाही. उलट ‘ग्लिफ्लोझिन’ नावानं संपणाऱ्या गोळ्या उलट्या-जुलाबांत आणि जेवण बंद असताना चालू ठेवल्या तर साखर फारशी न चढताही रक्तात आम्ल साठू शकतं. पेटंट संपल्यावर डॅपाग्लिफ्लोझिन स्वस्त झालं आणि आता तालुक्याच्या औषध दुकानांत सहज मिळतं, म्हणून हे सांगणं आवश्यक. अशा आजारपणात या गोळ्या आणि मेटफॉर्मिन तात्पुरत्या थांबवाव्या लागतात. इन्सुलिनचं उलटं आहे: जेवण कमी झालं म्हणून ते स्वतःहून बंद करायचं नाही, मात्रा डॉक्टरांना विचारून बदलायची, टाइप १च्या मुलांत तर इन्सुलिन थांबवणं एका दिवसात जीवघेणं ठरतं.

घरातल्या आणि गावातल्या सवयींकडे वळू. करोनात काढ्याला ऊत आला. हळद सांगलीची, आणि चवीला गूळही इथलाच, दिवसातून तीन-चार वेळा. सोबत मोसंबीचा रस, खारीक, ग्लुकोजची पावडर, ‘अंगात ताकद यावी’ म्हणून. आजाऱ्याला गोड देणं ही माया आहे, मला त्या मायेबद्दल आदर आहे, पण मधुमेह्याच्या तापात ती दुसऱ्या रूपात द्यायला हवी: मुगाचं वरण, ताक, भाजीचं कढण, अंडं, थोडी भाकरी, आणि पाणी. दुसरी सवय सलाईनची. ‘एक बाटली लावा डॉक्टर, बरं वाटेल’ ही मागणी रोजची. पाच टक्के डेक्स्ट्रोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत २५ ग्रॅम ग्लुकोज सरळ शिरेत जातं. साखर न तपासता ती बाटली लावणं टाळलंच पाहिजे. याउलट ज्याची विनाकारण भीती घेतली जाते ते म्हणजे ओआरएस. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे बनवलेल्या एका लिटरमध्ये साडेतेरा ग्रॅम ग्लुकोज असतं, आणि आतड्यातून मीठ-पाणी शोषलं जाण्यासाठी ते लागतंच. जुलाब होणाऱ्या मधुमेह्याला ते घोटाघोटानं द्यावं आणि साखर तपासत राहावं. मात्र ते सरकारी पाकिटातलं; खोक्यातलं गोड पेय नव्हे.

कृष्णाकाठचा आणखी एक प्रश्न पुस्तकांत सापडत नाही. २०१९च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१च्या जुलैमध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी पाणी पन्नास फुटांच्या वर गेलं. दुसऱ्या वेळी करोना ओसरलेला नव्हता. २०२१च्या ऑगस्टच्या सुरुवातीला राज्यानं निर्बंध शिथिल केले तेव्हा सातारा आणि सांगली दोन्ही जिल्हे वगळलेल्या अकरा जिल्ह्यांत होते. निवारा केंद्रात गर्दी, मास्क भिजलेला, वीज गेलेली, औषधांची पिशवी वाहून गेलेली आणि गोळ्यांची नावं कोणालाच आठवत नाहीत. वापरात असलेली इन्सुलिनची कुपी साधारण महिनाभर खोलीच्या तापमानाला टिकते, आणि फ्रीज बंद पडला तर ओल्या मातीच्या मडक्यातही ती सांभाळता येते. पण न पोचलेली कुपी कशातच सांभाळता येत नाही. पलूस, वाळवा, मिरज, शिरोळकडच्या पूररेषेतल्या गावांत मेच्या अखेरीस दोन महिन्यांची औषधं आणि चिठ्ठीची प्रत घरोघर असणं, हा पूरनियोजनाचा भाग असला पाहिजे.

लसीबद्दल थोडक्यात, कारण इथे पुरावा सरळ आहे. ब्रिटनमधल्या सव्वा लाखाच्या आसपास टाइप २ मधुमेहींच्या सात वर्षांच्या नोंदींत, फ्लूची लस घेतलेल्यांत कोणत्याही कारणानं होणारे मृत्यू २४ टक्क्यांनी, पक्षाघातासाठी भरती ३० टक्क्यांनी कमी आढळली. भारतात प्रौढ मधुमेहींना दरवर्षी ही लस सुचवली जाते, पण सरकारी दवाखान्यात ती सर्वांना मिळत नाही आणि खासगीत तिचा खर्च शेतमजुराला झेपत नाही. १ मार्च २०२१ला ४५ ते ५९ वयाच्या सहव्याधी असलेल्यांसाठी करोना लस खुली झाली तेव्हा मधुमेहासाठी घातलेली अट अशी होती: दहा वर्षांहून जुना किंवा गुंतागुंतीचा मधुमेह, आणि शिवाय उपचार चालू असलेला रक्तदाब. मधुमेह पाच वर्षांचा, साखर ४००ची, पण रक्तदाब नसलेला माणूस या अटीत बसत नव्हता. महिनाभरानं अट गेली, पण तो महिना दुसऱ्या लाटेच्या तोंडावरचा होता.

करोनातून उठल्यावरही हिशेब मिटत नाही. अमेरिकेतल्या निवृत्त सैनिकांच्या नोंदींत करोना होऊन गेलेल्यांमध्ये वर्षभरात नव्यानं मधुमेह होण्याचा धोका सुमारे ४० टक्क्यांनी जास्त दिसला. कोणताही मोठा विषाणूजन्य ताप होऊन गेला की तीन महिन्यांनी साखर तपासून घेणं त्यामुळे शहाणपणाचं.

हे सगळं करायला नवी यंत्रणा उभारावी लागत नाही. उच्चरक्तदाब नियंत्रणाचा राष्ट्रीय उपक्रम महाराष्ट्रात प्रथम ज्या चार जिल्ह्यांत आला त्यांत भंडारा, सिंधुदुर्ग, वर्ध्याबरोबर सातारा होता. प्रत्येक रुग्णाचं कार्ड, ठरलेला औषधक्रम, महिन्याची मोफत गोळी, आणि आला नाही तर शोधून काढणं, एवढा साधा त्याचा सांगाडा. टाळेबंदीत हीच औषधं जास्त दिवसांची आणि उपकेंद्रापर्यंत देण्याचा मार्गही त्यातूनच निघाला. सप्टेंबर २०२०मधल्या ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत आशाताईंनी घरोघर जाऊन मधुमेहींची नावं लिहून घेतली होती. ती यादी तापाच्या उपचाराशी जोडलेली राहिली नाही, ही खरी उणीव. कोणताही प्रौढ ताप घेऊन उपकेंद्रात आला की तापमापकाबरोबर बोटाची साखर. २५०च्या वर असेल तर दुसऱ्या दिवशी पुन्हा, उलट्या किंवा धाप असेल तर थेट ग्रामीण रुग्णालयात. आणि चिठ्ठीवर स्टेरॉइड असेल तर दुपारची साखर लिहिल्याशिवाय ते पुढे चालू ठेवायचं नाही. एका पट्टीला दहा-वीस रुपये लागतात.

यातही एक समूह निसटतो. गळीत हंगामात बीडकडून आणि मराठवाड्यातून ऊसतोड कामगारांच्या टोळ्या कृष्णा, वारणा, कोयनेच्या काठी उतरतात, आणि त्यांची नावं ना इथल्या कार्डांत असतात, ना गावच्या वहीत पाच महिने कोणी शोधतं. फडावर ताप आला की मुकादमाकडून गोळी आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कोयता. या माणसांची तपासणी कारखान्याच्या कार्यस्थळावर, टोळी उतरते त्याच आठवड्यात व्हायला हवी, औषध कारखान्याच्या दवाखान्यातून मिळायला हवं, आणि हंगाम संपताना त्यांचं कार्ड त्यांच्या गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्राकडे परत जायला हवं.